होडीतलं पाणी

नोटबुर्गा म्हणाली, समोर डोंगर आहे.
तिनं बोट दाखवलं तिथं
दूध सांडल्यासारखं काहीतरी होतं
आणि त्याखाली तळं,
तेही अर्धंच.
मी मान डोलावली.
भाडं पाच दिवसांचं दिलेलं होतं,
डोंगरासकट.

दुपारची बोट येणार नाही,
असं पाटीवर खडूनं लिहून धक्क्यावरचा पोरगा घरी गेला.
तासाभरात अक्षरंही गेली.
मला कुठंच जायचं नव्हतं,
तरी बोट नाही म्हटल्यावर
दिवसभर चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

या पावसाला इथं नाव आहे, श्न्युर्लरेगन.
सुतळीचा पाऊस.
वारा नाही, घाई नाही,
आभाळातून कुणी ओळंब्यानं सोडलेल्या सुतळ्या.
नोटबुर्गानं दोन बोटांत एक न दिसणारी
धरून दाखवली,
आणि त्याच बोटांनी पिठाचे गोळे
उकळत्या पाण्यात सोडले.
प्रत्येकात एक जर्दाळू,
जर्दाळूत बीच्या जागी साखरेचा खडा.
मी चार खाल्ले.
मग हिरव्या फरशांच्या उंच शेगडीला
पाठ लावून बसले,
शेजारी माझे मोजे वाळत,
आम्ही तिघंही हळूहळू ऊबदार.

संध्याकाळी पत्ते.
पोस्टातून निवृत्त झालेला ओझवाल्ड,
त्याची बहीण हेडविग, आणि ओलं कुत्रं टेबलाखाली.
मला खेळ येईना,
म्हणून माझ्याकडे हिशेबाची वही आली.
सवयीनं मी आकडे आपले लिहिले,
४७, ६२, ९.
नऊ हेडविगचे.
तिनं चष्मा लावून वही बघितली, उलटी केली, पुन्हा बघितली.
छान, म्हणाली,
मला यातलं काही कळत नाही,
आता रोज यातच लिही.

तिसऱ्या रात्री जाग आली. अडीच वाजता, नेहमीची.
सात वर्षं मी
शेजारच्या खोलीतल्या खोकल्याकडे
कान लावून झोपले आहे.
वैशाखात तो थांबला.
कान अजून थांबलेले नाहीत.
इथं नुसतं छप्पर वाजत होतं,
लाकडी फळकुटांवर, एकसुरी,
मध्येच ते अगदी बारीक झालं
आणि मी उठून बसले,
पाय सपाता शोधायला लागले.
मग आठवलं, पाऊस आहे.
थांबला तर थांबू दे.
त्याला औषध द्यायचं नाही.

कोर्बिनियनच्या अकरा होड्या.
भाड्यानं द्यायच्या, पण या आठवड्यात
पावसाशिवाय कुणी बसलं नाही त्यांत.
सकाळी आणि दिवे लागताना तो येतो,
काकडीच्या लोणच्याचा मोठा डबा घेऊन,
एकेक होडी उपसतो.
पुन्हा भरणारच ना, मी विचारलं.
भांडी तुम्हीही घासता की, तो म्हणाला.
चौथ्या दिवशी त्यानं
न विचारता दुसरा डबा आणला.

पाणी हाडात शिरणारं.
होडीच्या तळाला बीचचं एक पान,
बुडालेली माशी,
कुणाच्या तरी उन्हाळ्यातली केसांची पिन.
डबा घासून ओढला की आवाज येतो
खरवड काढल्यासारखा,
आणि तळ्यात ओतलेलं पाणी
लगेच तळं होतं,
कुठलं आपण ओतलं ते दाखवता येत नाही.
तिसरी, पाचवी. पाठ बोलायला लागली.
मी मोजणं सोडलं,
मग पाठीनंही सोडलं.

सातव्या होडीत वाकलेली असताना
कोर्बिनियन मागं "हं" म्हणाला.
मी डबा ओतून, कंबर धरून, वर बघेपर्यंत
दूध पुन्हा सांडलं होतं.

काय झालं?
डोंगर आला होता.
कसा होता?

त्यानं विचार केला.
खरोखर केला, डब्यातून पाणी ठिबकू देत.

नेहमीसारखाच.

मी आठव्या होडीत उतरले.