काटा

शिंगाड्याच्या बोडीत उतरायचं
म्हणजे काटा टोचणारच.
तीस वर्षं झाली, दिवस मावळला की
पुस्तकला ओट्यावर बसते,
पाय माझ्या मांडीवर टाकते,
आणि मी कंदिलाशी, मग बल्बाशी,
आता मोबाइलच्या टॉर्चशी
तिचे तळवे वाचतो.
शाळा चौथीतच सुटली माझी.
पाठ आहे ते एवढंच.

त्या साली टाचेत एक काळं दिसलं,
लाखोरीच्या दाण्याएवढं.
मी म्हटलं, काटा मोडला.
सुईनं कोरलं. काटा निघाला नाही,
रक्त निघालं.
मग बिब्बा तापवला, थेंब टेकवला.
चटका बसला तशी ती हसली,
"झालं. आता हा डाग सरणावरच जाईन."

गावातल्या निम्म्या टाचा बिब्ब्यानं काळ्या.
म्हणून दिवाळी गेली, संक्रांत गेली,
लाखोरीचा दाणा चिंचोक्याएवढा झाला.
एकीकडे कड शिंगाड्याच्या पानासारखी दातेरी,
दुसरीकडे शाई सांडावी तशी पसरलेली.
मधे काळा, बाजूला भुरा,
एका कोपऱ्यात निळसर.
बिब्बा तीन रंगांचा नसतो
हे मला कळत होतं.
तरी मी पुन्हा बिब्बाच लावला.

दुखत नव्हतं ना.
दुखलं असतं तर धावलो असतो.

उपकेंद्राच्या मोटघरे सिस्टर
बीपी मोजायला आल्या होत्या.
पाय दिसला तशा
दंडावरचा पट्टा सोडायचं विसरल्या.
"हा डाग केव्हाचा?"
बिब्ब्याचा आहे, मी म्हटलं.
"बिब्ब्याचा डाग वाढते का, बापू?"
एवढाच प्रश्न.
साकोलीपासून नागपूरपर्यंत एसटीत
तो माझ्या शेजारी बसून होता.

मेडिकलमध्ये पोरगेल्या डॉक्टरनं
भिंग लावलं, पट्टी धरली, फोटो काढला.
त्यानं पाय हातात घेतला
तेव्हा तिनं लुगडं खाली ओढलं.
माझ्याशिवाय कुणी तो धरला नव्हता.
एक तुकडा तपासायला गेला.
रिपोर्टला चौदा दिवस.
चौदा दिवस आम्ही मासोळी खाल्ली नाही.
का, ते दोघांनाही ठाऊक नाही.

मेलानोमा.
"पोरीचं नाव वाटते," ती म्हणाली.
मग डॉक्टरनं दुसरं नाव सांगितलं, कॅन्सर,
ते तिला माहीत होतं.
मी त्याला जिन्यात गाठलं, एकट्याला.
माझ्या सुईनं झालं का? बिब्ब्यानं?
"नाही, काका. सुईनं होत नाही.
उशीर मात्र सुईनं होतो."

डाग काढला,
भोवतालची बोटभर चांगली कातडीही काढली.
जांघेतल्या दोन गाठी तपासल्या.
एकीत निघालं, दुसरीत नाही.
मांडीची कातडी टाचेला लावली,
मऊ, कधी ऊन न पाहिलेली.
तिला अजून चालायला येत नाही.
बोडी बंद. काठावर स्पंजच्या चपला घालून
पुस्तकला शिंगाडे सोलते
आणि पाण्यातल्या मला शिव्या देते,
वेल असा ओढतेत का म्हणून.

दर तीन महिन्यांनी नागपूर.
जांघ चाचपतात, स्कॅन काढतात,
"पुढच्या वेळी या," म्हणतात.
ते ऐकायलाच जातो आम्ही.

आता ओट्यावर संध्याकाळी पाय येतात,
सुनेचे, शेजाऱ्यांचे, डोंग्यावरच्या पोरांचे.
बाजारातून भिंग आणलंय.
सुई पत्र्याच्या डब्यात आहे.

परवा नातवाच्या तळव्यात काळं दिसलं.
टॉर्च धरणारा माझा हात हलायला लागला.
काटा निघाला.
खराखुरा, शिंगाड्याचा, टोकाला रक्त.
पोरगं डोळे पुसून खेळायलाही गेलं.
मी तो तळहातावर घेऊन बसलो होतो.
पुस्तकला म्हणाली,
"फेक ना आता तो."