मोजणी

सदतीस वर्षं साखळी ओढली मी
भूमी अभिलेख खात्यात.
जिथं टेप टेकवला तिथं दोन सख्खे भाऊ
एकमेकांकडं पाठ करून उभे.
इथं, बावड्याच्या उसामागं,
भिंत पडलेल्या या गोऱ्यांच्या दफनभूमीत
(गोरे निम्मेच, बाकी आपलेच)
कुणी हरकत घेत नाही.
सहा फूट दोन इंच.
पाच फूट.
दोन फूट एक इंच, आणि
शीलवंत मास्तर खोकतो,
मीही आकडा परत विचारत नाही.

तीन रविवार नुसती घाणेरी तोडली.
ॲसिड नको, तारेचा ब्रश नको,
पाणी आणि नारळाची शेंडी.
भर उन्हात अक्षरं दिसत नाहीत.
साडेपाचला, कारखान्याचा भोंगा झाला की
मास्तर बायकोचा आरसा तिरका धरतो
आणि दगडातून नाव वर येतं,
पंचगंगेत बसलेली म्हैस उठावी तसं:
आधी शिंगं, मग कपाळ,
मग अख्खं काळं अंग.

क्रमांक एकोणीस. पटकीनं.
क्रमांक वीस. पटकीनं, त्याच आठवड्यात.
क्रमांक एकवीस, तुकडा. फक्त ‘याची पत्नी’.
कुणाची, ते फुटून गेलं.

सव्विसाव्याला दगडच नव्हता.
तो सापडला हौसाक्काच्या मोरीत, पालथा.
‘सासूनं आणल्याला. लई गुळगुळीत.’
चाळीस वर्षं धुणं आपटलं तिनं त्याच्या पाठीवर.

चौघांनी पहार लावून उलथला.
गांडुळं, काळी ओल,
आणि कालच टाकी लागल्यासारखी अक्षरं, मराठीत:
सलोमी याकोब, सुईण.
हिने तीनशे बारा बाळंतपणे केली.

उताणे होते ते पावसानं पुसले.

हौसाक्काला वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं.
पदराला हात पुसत ती म्हणाली, ‘सुईण व्हय?’
खाली बसली. कडेला लागलेला साबण
नखानं खरवडून काढला.
‘घिऊन जावा. पन मला दुसरा दगूड आणून द्या.
नाव नसल्याला.’

वहीत, शेऱ्याच्या रकान्यात,
जुन्या सवयीनं हात गेला:
वहिवाट – हौसाबाई, चाळीस वर्षे.
हरकत – नाही.

दगड अजून शोधतोय.
दोन दाखवले.
तिला पसंत नाहीत.