फॉर्मवरची एकच ओळ

गीता भवन चौकात, तिसऱ्या मजल्यावर
कान तपासणारी मुलगी विचारते,
"आंटी, म्यूझिक कौनसा सुनती हो?"
फॉर्मवर त्यासाठी एकच ओळ आहे,
बोटभर लांब.

मी लिहिते : ख्याल.
खोटं नाही ते. पण पाहुण्यांसाठी काढलेल्या
कपबशीसारखं आहे.

खरं तर पहिला सा मला मिलच्या भोंग्याने दिला.
परदेशीपुऱ्यात, सकाळी, बाबा डबा उचलताना
तो आमच्या न्हाणीपर्यंत यायचा,
किंचित उतरलेला, शेवटी मान टाकणारा.
पुढे क्लासमध्ये गुरुजी म्हणाले,
मुंगीबाई, तुमचा सा जरा खाली लागतो.
लागणारच.

ओळ मोठी असती तर लिहिलं असतं
की विलंबित ऐकताना मला झोप येते,
आणि ती झोप मला फार आवडते.
गवई एकेक स्वर ठेवतो, जसा सराफ्यातला म्हातारा
काट्यावर गुंज ठेवतो,
पारडं थांबेपर्यंत श्वास रोखून.
मी जागी होते ती समेवर.
नेहमी समेवर.
यावर घरात कुणाचाही विश्वास नाही.

लिहिलं असतं की रंगपंचमीच्या गेरमध्ये
डीजेच्या ट्रकसमोर, बासष्टाव्या वर्षी,
निळी-गुलाबी होऊन मी नाचले.
ते कानांनी ऐकलंच नाही, बरगड्यांनी ऐकलं.
कुणीतरी ओरडलं, "अरे भिया, काकी को देखो!"
आणि मी वळूनही पाहिलं नाही, काकी कोण ते.

जेल रोडवर मुस्तकीमच्या दुकानात
साठ मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर कव्वाली भरून घेतली होती.
शेवटची अकरा मिनिटं उरली,
त्यात त्याने न विचारता एक ट्रम्पेट घातला.
कुणाचा, कुठल्या देशातला, त्यालाही ठाऊक नव्हतं.
"जगह बची थी, दीदी."
कव्वाली फितीवरून केव्हाच पुसट झाली.
उरलेल्या जागेतला तो माणूस
चौतीस वर्षं माझ्या स्वयंपाकघरात
रडावं की हसावं ते ठरवतो आहे.

आणि लिसम्मा. एम.वाय. हॉस्पिटल, रात्रपाळी.
सलाईन बदलताना ती चर्चमधलं काहीतरी गुणगुणायची,
मल्याळममधलं, एक अक्षर कळायचं नाही.
आई, जिला नाट्यगीताखेरीज बाकी सगळं
"आरडाओरडा" वाटायचं,
डोळे न उघडता म्हणाली,
तिला सांग, अजून एक.
ते गाणं मी पुन्हा शोधलं नाही.
मुद्दामच.

बासरी मला आवडत नाही.
हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.
निवृत्तीला ऑफिसने बासरीच्याच सीडी दिल्या,
सहा. मी आभाराचं भाषण केलं.

काचेच्या खोलीत बसवतात. कानांवर मोठे हेडफोन.
आवाज आला की बटण दाबायचं.
टीं. दाबलं. टीं. दाबलं.
मग टीं बारीक होत होत कुठेतरी निघून गेलं,
बस सुटल्यासारखं,
आणि एवढी स्वच्छ शांतता मी जन्मात ऐकली नव्हती.

बाहेर आल्यावर मुलीने कागद दाखवला :
रेघ सपाट चालत येते
आणि उजवीकडे एकदम दरीत उतरते.
"ऊपर का गया है, आंटी. घुंगरू, चिड़िया,
दाल में तड़का. बाकी अच्छा है."
मग कपाळाला आठी.
"पर ये बताओ, आवाज़ थी ही नहीं
तब भी आप बटन दबा रही थीं.
बराबर, इतने-इतने सेकंद पे."

सम होती, मी म्हटलं.
तिने ते कुठल्याच रकान्यात लिहिलं नाही.

मी फॉर्म परत मागितला.
ख्याल खोडलं नाही. पुढे स्वल्पविराम दिला,
तिथेच ओळ संपली.

जिन्यापाशी आठवलं, मागे वळून विचारलं,
आणि बासरी?
"वो तो पूरी सुनाई देगी!" ती म्हणाली,
एवढं गोड हसून,
की मला पुन्हा एकदा आभार मानावे लागले.