दहा किलोच्या आत

वणीच्या अलीकडे, पळसाला टायर टांगलाय
तिथं धर्मकाटा आहे.
पाटीवरचा धर्म उन्हानं उडाला,
काटा तेवढा शाबूत.

खिडकीत शेवंताबाई खिरटकर,
चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.
ती वर बघत नाही.
गाडी प्लेटवर चढली की टेबल थरथरतं,
कपातला चहा काठाला लागतो,
तेवढ्यावरून सांगते, "तीन टन जास्त हाये, भाऊ."
मग लाल आकडे तिचं म्हणणं कबूल करतात.

तीन टन जास्त म्हणजे
चढावर दुसऱ्या गिअरमध्ये माझ्याच पोटात गोळा,
उतारावर ब्रेकचा जळका वास,
आणि पाट्यांचं कण्हणं,
म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठते तसं.
करंजीच्या फाट्यावर स्क्वॉड असलं
तर मोटरसायकलवाला पोरगा आधी सांगून जातो.
मग आम्ही अकरा गाड्या ढाब्यामागे
दिवे मालवून बसतो, पाण्यातल्या म्हशींसारख्या.
शेठचा फोन येतो, "पासिंग नोको पाहू, डिझेल पाह्य."
दंड झाला तर माझ्या पगारातून.

पावसात कोळसा पाणी पितो, वजन वाढतं.
मे महिन्यात घुग्गुसच्या उन्हात
दोनशे किलो हवेत निघून जातं
आणि प्लांटवरचा मुनीम विचारतो, "कुठं विकला?"
सूर्याची पावती कुठून आणू?

एकदा लाईट गेली होती, कुणालाच घाई नव्हती,
तेव्हा शेवंताबाईनं सांगितलं,
काटा दहा-दहा किलोनं मोजतो.
त्याच्या आतलं त्याला दिसत नाही.
मी मनात हिशेब केला.
लिंबू-मिरची, ताजुद्दीन बाबांचा फोटो,
स्टोव्ह, एक चादर, फडक्यातली ज्वारीची भाकर,
पोरीनं पाठवलेली राखी, आरशाला बांधलेली.
दिसत नाही, दिसत नाही.

लालसू मडावी मात्र दिसायचा.
अठ्ठेचाळीस किलोचा माझा क्लीनर,
काट्याच्या भाषेत पन्नास.
रिकाम्या गाडीचं वजन असलं की
"क्लीनर, खाली उतर!" अशी हाक यायची.
तो उडी मारायचा,
बोर्डावरचे आपले पन्नास जाताना पाहून हसायचा,
"गावात मले कोणी मोजत नाई बाप्पा,
अथीसा आकडा हाये माह्या."

मार्चात, वर्धेच्या पुलाअलीकडे, मागचा पाटा तुटला.
त्या रात्री नऊ टन जास्त होतं.
जॅक मातीत रुतत होता.
मी म्हणालो, अजून एक लाकूड सरकव.
मी म्हणालो.

उजव्या हाताची तीन बोटं.
चंद्रपूरच्या दवाखान्यात शेठनं पाच हजार दिले,
थुंकी लावून, दोनदा मोजून.
कागदावर लिहिलं, वजन नियमात होतं.

बावीस दिवसांनी तो परत आला.
घरी काय करू, म्हणाला.
रिकामी गाडी प्लेटवर गेली.
"क्लीनर, खाली उतर," शेवंताबाई म्हणाली
आणि पहिल्यांदाच मान वर केली.
तो उतरला, सावकाश, डाव्या हाताच्या आधारानं.
बोर्डावरून पन्नास गेले.
पूर्ण पन्नास.
"पाह्य," लालसू म्हणाला, "काई कमी नाई झालो."
तिनं पावती फाडली, शिक्का मारला
आणि हातातच धरून बसली.
मागच्या गाड्या हॉर्न मारत होत्या.

खाणीत लोडरवाल्याला मी सांगितलं,
आज पासिंगएवढंच टाक.
त्यानं बादली हवेत थांबवली,
शेठला फोन लावला, हो हो म्हणाला
आणि भरत राहिला.

वर ढिगावर लालसू ताडपत्री आवळत होता.
गाठ बसत नव्हती.
मी चाकावर पाय देऊन चढलो,
दोरीचं दुसरं टोक धरलं.