उसनं नाक

मार्चमध्ये बी पेरताना मी शिंकले
आणि निम्मं पीक टेबलावरून उडून गेलं.
तंबाखूचं बी म्हणजे नुसती धूळ,
चिमटीत शेकडो रोपं.
प्रेबेन हसला नाही.
ओल्या बोटाने टेबल टिपत म्हणाला,
"टोवे, तुझं नाक हवंय मला,
पण असं नाही."

त्याचं स्वतःचं गेल्या हिवाळ्यातल्या तापात गेलं.
म्हणजे आहे जागेवर, लांब, लाल, टोकाशी ओघळतं,
पण आत आता कुणी राहत नाही.
चाळीस वर्षं फेरीबोटीच्या पोटात
नुसत्या वासावरून इंजिनाचं दुखणं ओळखणारा माणूस
दूध नासलंय का, हे मला विचारतो.

लांगेलँडच्या या टोकाला वारा कधी खाली बसत नाही.
मे संपता संपता, दंव थांबल्यावर,
काचघराच्या आडोशाला बावीस रोपं:
चौदा व्हर्जिनिया, आठ बर्ली.
गोगलगाई रात्री टॉर्च घेऊन वेचल्या.
जुलैत गुलाबी तुरे आले, त्याने सगळे खुडले.
"फुलू दिलं तर पान रुसतं."
एक तुरा मी घरी पेल्यात ठेवला.
त्याने पाहिला, बोलला नाही.
बगलफुटवे मोडून मोडून
बोटांवर काळा चीक बसला,
साबणाला दाद देईना, लिंबाला देईना.
टपाल देताना लोक आधी माझे हात बघायचे,
मग पत्र.

खालची पानं आधी पिकतात.
शेडमध्ये दोरीला टांगली, पाठीला पाठ लावून,
हिरवी होती ती पिवळी, पिवळी ती तपकिरी.
कोरड्या दिवशी हात लागला की चुरा.
म्हणून समुद्रावरून धुकं यायची वाट बघायची;
धुक्यात पान जुन्या हातमोज्यासारखं मऊ पडतं,
तेव्हाच उतरवायचं, घाई न करता.

मग जुना फ्रिज. आत बल्ब, पाण्याचं पातेलं,
पन्नास अंश, पाच आठवडे.
दर रविवारी तो दार किलकिलं करायचा
आणि मी वाकायचे.
"सांग."
"मांजराने घाण केलेला कोपरा."
"छान," म्हणून त्याने वहीत लिहिलं.
पुढच्या रविवारी: "घोड्यांचा तबेला, पण दार उघडं."
मग: "स्टोव्हपाशी वाळत घातलेले बूट."
पाचव्या रविवारी मी बराच वेळ वाकून राहिले.
"अंजीर. नाही, थांब.
राय पावाची करपलेली कड, तिला चिकटलेला मनुका."
वासाला स्वतःचे शब्दच नसतात,
सगळे मागून आणलेले,
कुणा जनावराचे, कुणाच्या स्वयंपाकघरातले.

पत्रं तोलायच्या माझ्या काट्यावर
तीन भाग हे, एक भाग ते.
केकच्या टिनमध्ये थर लावून वरून गाडीचा जॅक,
रोज संध्याकाळी अर्धा फेरा.
नाताळच्या आधी वडी निघाली, काळीभोर, चकाकती.
त्याने पातळ काप काढले, चोळले,
पाइप भरला, पेटवला.
त्याला लागते ती फक्त ऊब
आणि जिभेच्या टोकाशी थोडी झणझण.

"तसा आहे का?" त्याने विचारलं.
"बाबांच्या होडीघरासारखा?"

नाकासमोर चालणारी बाई मी.
तीस वर्षांत एक पत्र चुकीच्या दारात टाकलेलं नाही.
आणि होडीघर मी पाहिलेलंच नाही;
मी या बेटावर आले तेव्हा
तिथे आइस्क्रीमची टपरी होती.

धूर माझ्या चेहऱ्यावरून गेला.
"जवळ आलंय," मी म्हणाले.
"डांबर थोडं कमी पडतंय."

तो माझ्याकडे बघत राहिला,
पाइप विझेपर्यंत.
मग वही ओढली.
क्रमांक एकतीस, त्याने लिहिलं, डांबर कमी.
आणि पेन्सिल कानावर ठेवत म्हणाला,
"मार्चमध्ये येशील तेव्हा
तोंडाला रुमाल बांधून ये."