गहाळ

न्खोटाकोटाच्या कचेरीत पंखा नव्हता,
खिडकी होती. तिच्यातून सरोवराचा वारा
आणि वाळत घातलेल्या उसिपा मासळीचा वास
माझ्या कागदांवर येऊन बसायचा.
मी ब्लँटायरहून आलेली तपासनीस.
तीन दिवस, चाळीस फायली, एक छापील अर्ज.

फाईल चारशे सतरा: तियांजाने.
वय पंधरा. आवड नेटबॉल.
दरमहा पैसे नॉर्वेतल्या एका निवृत्त सुईणीकडून,
गुड्रुन हाउकेलान; त्यांच्या गावी म्हणे
हिवाळ्यात दोन महिने सूर्य उगवतच नाही.
जमा बरोबर. खर्च बरोबर.
हातच्यासकट बेरीज जुळली.
हिरव्या पेनाने खूण केली
आणि मग, उगाच, पत्रं वाचायला घेतली.

‘तुला अंधाराची अजून भीती वाटते का?’ बाई विचारतात.
‘आता नाही,’ उत्तर आहे, ‘पण पाणघोडा शेतात शिरला
की वडील डबे बडवायचे,
तो आवाज अजून स्वप्नात येतो.’
तियांजानेचे वडील ती पोटात असतानाच वारले,
असं त्याच फायलीच्या पहिल्या पानावर आहे.

ग्रेशम न्खोमाला बोलावलं.
कोपराला विरलेला कोट, शाईने निळं बोट.
‘डबे माझे वडील बडवायचे, मॅडम.
पोरगी दोन वर्षांपूर्वी मावशीबरोबर टेटेला गेली, सीमेपलीकडे.
कळवलं असतं तर नाव कटलं असतं,
नाव कटलं की वाडीतला हातपंप बंद.
तुमच्या अर्जात पंपाला रकाना नाही.
पंप पत्र लिहीत नाही,
पंपाचा फोटो कुणी फ्रिजवर लावत नाही.’
मी शब्दन् शब्द लिहून घेतला.
मग विचारलं, ‘आणि पंपाच्या पावत्या?’
तो खिडकीबाहेर बघू लागला.
काही पावत्या होत्या.
सगळ्या नव्हत्या.

तिसऱ्या दिवशी आईकडे गेले.
एनेलेस चटईवर मक्याचे दाणे सोलत होती,
थांबली नाही.
‘संस्थेच्या कामाबद्दल आपण समाधानी आहात का?
पूर्णपणे, बऱ्यापैकी, की अजिबात नाही?’
चिचेवात ‘बऱ्यापैकी’ला शब्द शोधताना
मीच अडखळले; माझी मातृभाषा ती.
तिचं लक्ष फायलीकडे.
‘यात तिचे फोटो आहेत?’

अकरा. दर वर्षी एक.
अकराच्या अकरा समुद्रापार गेले,
या घरात एकही नाही.
सगळ्यांत तोच पिवळा फ्रॉक:
आधी पाठीमागे पिना मारून आवळलेला,
मग अंगाला बसलेला, मग काखेत उसवलेला.
(मुलींच्या सगळ्या फायलींत तोच फ्रॉक आहे.
हे मला चाळीस फायली संपेतो दिसलं नव्हतं.)
एनेलेस हात पदराला पुसून एकेक फोटो बघत गेली.
‘हा दात तेव्हा पडला होता.’
‘इथे ताप होता, तरी नेलं.’
दहाव्यावर बोट थांबलं.
‘ही माझी नाही.’
अकराव्यावरही.
मग चेहऱ्याजवळ धरून: ‘ही लोनिया. चर्चमागे राहते.
गुणाची आहे हो.
तिला कुणी सांगितलंय का,
की ती माझी मुलगी आहे?’

‘लाभार्थीचे मत’ या चौकटीत
दीड ओळीची जागा असते.
मी ती कोरी ठेवली.
ग्रेशमबद्दल काय लिहायचं, ते बसमध्ये दोनदा खोडलं.
गुड्रुनबाईंना कोण कळवणार, आणि कुठल्या महिन्यात,
त्यांचा सूर्य उगवल्यावर की आधी,
ते अजून ठरलेलं नाही.

फाईल चारशे सतरामध्ये आता दोन फोटो आहेत.
नऊ गहाळ.
शेवटच्या पानावर, तळाशी,
‘जबाबदार व्यक्ती’ असा एक रकाना असतो,
इतक्या वर्षांत कुणी भरलेला मी पाहिला नव्हता.
त्यात मी माझं नाव लिहिलं,
पूर्ण, आडनावासकट.