कंसात

शारजा, गोदाम चौदा. काचेखालून उजेड सरकतो,
मी पान उलटतो.
स्ट्रासबर्गहून आलेले खोके,
सन बावन्नचं इतिवृत्त, कडा बिस्किटासारख्या.
इंग्रजी अर्धीमुर्धी कळते. आकडे पुरते कळतात:
बाजूने एकसष्ट, विरोधात चार, तटस्थ नऊ.
युद्ध संपून सातच वर्षं झालेली
आणि ही माणसं तासन्‌तास भांडतायत
कोळशावरून, पासपोर्टाच्या आकारावरून,
परमुलखातल्या मजुराच्या खोलीला
खिडकी केवढी असावी यावरून.
मध्येच कंसात: (हशा).
कोण हसलं, कशाला, ते नाही.

शिफारस मंत्र्यांकडे पाठवावी.
पुढचे तीन खोके तीच शिफारस.
मुकादम विचारतो, नुसतं बोलायचाच पगार होता काय रे यांना?

रात्री आमची सभा:
वॉशिंग मशीनच्या दुरुस्तीचे दिरहम कोणी भरायचे.
नऊ जण, खिडकी एक,
तीही एसीने बुजवलेली.
तांडेल विरोधात. झुबेर घोरतोय, म्हणजे तटस्थ.
पंधरा तारखेला पुन्हा बसू, असं ठरलं.

मी वहीत सगळं उतरवलं,
तारीख घातली, वेळ घातली,
आणि खाली, कंसात, हशा.
हसलं तसं कोणीच नव्हतं.